पायावरचा कप

मास्तर गाडी शिकवत. शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी येते ती आपल्यामुळे आणि उरलेल्या निम्म्यांना रस्ता सुखरूप ओलांडता येतो तोही आपल्यामुळेच, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. मास्तरांच्या तोंडाला टाळं म्हणून नव्हतं. त्यांच्या गाडीत रेडिओ होता, पण तो लागलेला कुणी ऐकला नव्हता. मास्तर थांबतील तेव्हा तो लावायचा ना!

त्यांच्या हाताखालून गेलेल्या शेकडो शिष्यांत एकच अशी निघाली, की जिच्यापुढे त्यांनी हात टेकले. मुलगी पदार्थविज्ञान शिकलेली. क्लच म्हणजे काय, त्यातल्या चकत्या एकमेकींना कशा भिडतात, घर्षण कसं वाढत जातं, हे सगळं ती चित्र काढून समजावून सांगायची. फक्त तो क्लच सोडायची वेळ आली की तिचा पाय एकदम उचलला जाई, गाडी बेडकासारखी उडी मारे आणि जागच्या जागी बंद पडे. मास्तरांनी तिचं नाव धक्काराणी ठेवलं. परीक्षेत ती तीनदा नापास झाली. मग हॉस्पिटलात नोकरी लागली, बसथांबा घरासमोरच होता, तेव्हा तिने तो नाद सोडून दिला.

मास्तरांची शिकवण्याची एक खास रीत होती. गाडीच्या पुढच्या काचेखाली जी सपाट जागा असते, तिथे ते एक रिकामा कागदी कप उभा ठेवत. कप डुलला तर माफ. पडला तर धडा पहिल्यापासून, मग शिष्य कितीही मोठा साहेब असो. आणि शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्यावर मास्तरांचा उजवा पाय कायम तयारीत असे. धक्काराणी चालवायला बसली की तो पाय तयारीत नसे, कामालाच लागलेला असे. "माझ्या ब्रेकचं रबर या एका पोरीने झिजवलं," असं ते भेटेल त्याला सांगत.

मास्तरांना पहिली फिट आली ती गाडीतच, धडा चालू असताना. शेजारच्या नवशिक्या पोराने गाडी अलगद कडेला घेतली. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी डॉक्टरांना काय विचारलं? "कप पडला का हो?" तो पडला नव्हता, आणि पुढे कितीतरी दिवस ते आपल्या आजारापेक्षा त्याचंच कौतुक जास्त सांगत होते.

मेंदूच्या डाव्या बाजूला ट्यूमर निघाला. बोलण्याचं केंद्र तिथून हाताच्या अंतरावर, किंवा मेंदूच्या हिशेबाने सांगायचं तर एका वाटाण्याच्या अंतरावर. सर्जनबाईंनी जेवढा निर्धोकपणे निघेल तेवढा ट्यूमर काढला आणि उरलेल्यासाठी रेडिएशन आणि गोळ्या दिल्या. मास्तरांचे केस गेले, तोंडाची चव गेली. बोलणं मात्र एका शब्दानेही कमी झालं नाही.

आणि मग सगळं नीट चाललंय असं वाटत असतानाच नव्या एमआरआयमध्ये ट्यूमरच्या जागचा पांढरा डाग मोठा दिसला.

सर्जनबाई गुळमुळीत बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, समोर बसवून सरळ सांगितलं, "हा ट्यूमर परत वाढत असेल तर तो काढावा लागेल, आणि या वेळी मला बोलण्याच्या भागात शिरावं लागेल. बोलणं जाऊ शकतं. सोमवारची वेळ मी धरून ठेवलीय. पण ही नुसती रेडिएशनची सूजही असू शकते. मेलेल्या पेशी आणि त्यांच्याभोवतीची सूज चित्रात हुबेहूब अशीच दिसते. तसं असेल तर सुरीला हातही लावायचा नाही."

"मग ते ओळखायचं कसं?" काकूंनी विचारलं.

"त्यासाठी खाली तळघरात एक मुलगी आहे," सर्जनबाई म्हणाल्या.

तळघरातली ती मुलगी म्हणजे धक्काराणी.

गुरुवारी दुपारी मास्तर चाकाच्या खुर्चीतून खाली आले. चालता येत असूनही ते खुर्चीत बसले होते, कारण ढकलणाऱ्याला वळण कसं घ्यावं हे त्यांना दाखवायचं होतं. धक्काराणीला आज कोण येणार ते आधीच माहीत होतं. खाली कोण आहे ते मास्तरांना माहीत नव्हतं. ती त्यांना भेटायला बाहेर येणार, एवढ्यात एमआरआय चालवणाऱ्या दादांनी त्यांचं घड्याळ, पट्टा, चष्मा सगळं उतरवून घेतलं, कानांत बोळे घातले, डोक्याभोवती प्लॅस्टिकचा पिंजरा बसवला, अंगावर पायांपर्यंत पांघरूण घातलं आणि टेबल आत सरकवलंही. दादांच्या कामात गप्पांना जागा नव्हती. मोठ्या चुंबकाच्या खोलीत ते टाचणीसुद्धा जाऊ देत नसत, आणि माणसाच्या खिशांवर त्यांचा बिलकुल विश्वास नव्हता.

मग धक्काराणीने काचेमागच्या खोलीतून माइकचं बटण दाबलं. "मास्तर, ऐकू येतंय का? आता खटखट आवाज येईल. तुम्ही फक्त स्थिर पडून राहायचं."

आतून मास्तरांचा संशयी आवाज आला, "हा आवाज माझ्या ओळखीचा आहे."

"मीच आहे मास्तर. धक्काराणी."

"हे मशीन तू चालवणार?"

"हो."

"दादा," मास्तर आतून ओरडले, "अहो दादा, मला उतरू द्या!"

दादा आयुष्यात पहिल्यांदाच कामावर असताना हसले असावेत, कारण त्यांचं त्यांनाच ते जमेना आणि शेवटी खोकल्यावर निभावलं.

साधी चित्रं छान आली. ती काढताना मशीन सलग घरघरतं, एखादी गाडी चालू ठेवून उभी करावी तसं. मग स्पेक्ट्रोस्कोपीची, म्हणजे डागात कोणते पदार्थ किती आहेत ते मोजायची, पाळी आली. धक्काराणीने पडद्यावर डागाच्या बरोबर मधोमध, मोजायची तेवढीच जागा धरून, एक छोटा चौकोनी ठोकळा आखला. उपचारांआधीच्या तपासणीत तिने ठोकळा जिथे ठेवला होता, अगदी तिथेच. तेव्हा मास्तर फिटच्या औषधाने गाढ झोपलेले होते आणि कोण काय चालवतंय याचा त्यांना पत्ताही नव्हता. आताही तिने ठोकळा कवटीपासून चांगला आत ठेवला. कवटीजवळ चरबी असते, ती ठोकळ्यात शिरली की सगळ्या मोजमापाचा विचका होतो. मशीन सुरू झालं. खट्... जरा शांतता... खट्... शांतता... खट्.

शेवटी पडद्यावर जी रेघ उमटली ती बघून तिचा चेहराच उतरला. शिखरं दिसायला हवी होती तिथे नुसता चिखल होता. एक शिखर धड उभं नाही, शेजारचं त्याच्यात मिसळलेलं, आणि एका टोकाला चरबीचा डोंगर. हा डोंगर डागातला की कवटीजवळून घुसलेला, हेही सांगता येईना.

"मास्तर, तुम्ही हललात."

"मी? अगं, मी एवढा स्थिर होतो की माशी बसून डुलकी काढून गेली असती."

दादांनी कॅमेरा दाखवला. कॅमेऱ्यात मास्तरांचं डोकं होतं आणि ते खरंच दगडासारखं होतं. मान इकडे नाही की तिकडे नाही. पुन्हा केलं, पुन्हा चिखल. बाहेर पुढचा पेशंट येऊन बसला होता. टेबल बाहेर काढावं लागलं.

मास्तर कपडे बदलायला गेले तेवढ्यात काकू धक्काराणीजवळ आल्या. "मला एवढंच सांग बाळ, तुझ्या या मशीनला असं काय कळतं जे चित्राला कळत नाही?"

"काकू, चित्र म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. पातेलं केवढं, कुठे ठेवलंय, ते दिसतं. आत काय शिजतंय ते दिसत नाही. हे मशीन वास घेतं. ट्यूमर वाढत असेल तर त्याच्या पेशी भराभर नव्या भिंती बांधतात, तेव्हा कोलीन नावाचा पदार्थ खूप सापडतो. त्याचं शिखर उंच होतं. पेशी मरून पडल्या असतील तर कोलीन उतरतं आणि मोडक्या भिंतींची चरबी उरते. आपल्याला ते कोलीनचं शिखर बघायचंय, बस."

"आणि ते दिसलं नाही तर?"

"तर सर्जन चित्रावरून ठरवतील."

काकूंनी मास्तरांचा चष्मा पदराने पुसला, पुन्हा पुसला. "बाळ, लग्न झाल्यापासून मी त्यांना म्हणत आलेय, जरा गप्प बसाल का? जेवताना म्हणते, पाहुण्यांत म्हणते, झोपताना तर रोज म्हणते." त्यांचा आवाज खाली गेला. "माझं म्हणणं कुणी मनावर तर घेतलं नसेल ना गं?"

"ट्यूमर कळल्या दिवसापासून मी तो शब्द तोंडातून काढलेला नाही," काकू म्हणाल्या आणि चष्मा घेऊन निघाल्या.

सर्जनबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत वाट बघते. त्यानंतर मला ऑपरेशनची तयारी करावी लागेल. नीट काही दिसलं तर मला आनंदच आहे. मला त्या माणसाचं बोलणं घालवायची हौस नाही. माझी भाची त्यांच्याकडे शिकलीय."

धक्काराणी आपल्या टेबलाशी बसली. मशीन एकाच वेळी सगळं मोजत नाही. पुन्हा पुन्हा मोजतं आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढतं. तिने सरासरी बाजूला ठेवली आणि सुटी मोजमापं एकेक करून उघडली. सुरुवातीची बरी होती. मग गडबड सुरू. ठोकळा आपल्या जागेवरून सरकत होता आणि परत येत होता. मान वळल्यावर बाजूला सरकेल, तसं नव्हतं. तो शरीराच्या रेषेत सरकत होता, पायांकडून डोक्याकडे आणि माघारी, जणू मास्तरांना खालून कुणीतरी हलकेच ढकलत होतं. श्वासाने असं होतं, पण श्वासाची लय वेगळी. ही लय मशीनच्या खट् खट् शी बांधलेली होती. खट् झालं की ढकललं. शांतता झाली की सोडलं.

कोण ढकलतंय? टेबल? तिने दादांना गाठलं. दादांनी रिकाम्या टेबलावर पाण्याचा बंद गोळा ठेवून सगळं परत चालवून दाखवलं. शिखर सुईसारखं आलं. "माझ्या टेबलाला नावं ठेवायची नाहीत, शास्त्रज्ञबाई," दादा म्हणाले. मशीनचा दोष नव्हता. माणसाचा होता, आणि माणूस शपथेवर सांगत होता की मी हललो नाही.

शुक्रवारी सकाळी ती बसने कामाला निघाली. ड्रायव्हर नवखा होता किंवा घाईत होता. सिग्नल लाल होऊनही बस पुढच्या गाडीवर चाल करून निघाली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, पण त्याच्याआधी आणखी एका व्यक्तीने तो मारला होता. धक्काराणीचा स्वतःचा उजवा पाय बसच्या जमिनीत रुतला होता. इतका, की पाठ सीटला घट्ट दाबली गेली होती आणि डोकं वर सरकलं होतं.

ती आपल्या पायाकडे बघत राहिली. गाडी आपण चालवत नाही, समोर ब्रेकही नाही, तरी पाय दाबला जातो. कधी? चालवणाऱ्यावर भरवसा नसतो तेव्हा.

साधी चित्रं काढताना मशीन सलग घरघरत होतं तोवर मास्तर शांत होते. खट्, शांतता, खट्, शांतता सुरू झालं, म्हणजे गाडी धक्के खायला लागली. आणि चालवायला कोण बसलंय हे तर त्यांना आधीच कळलेलं.

ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या बाईंनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

हॉस्पिटलात पोचल्यावर तिने दादांना फक्त एकच गोष्ट करायला सांगितली. मास्तरांना टेबलावर घेतल्यावर पायांवरचं पांघरूण घालायचं नाही. कॅमेरा डोक्यावर, पाय पांघरुणाखाली, म्हणून काल कुणाला काही दिसलं नव्हतं. मशीन सुरू झालं. घरघर चालू होती तोवर मास्तरांचे दोन्ही पाय शहाण्यासारखे पडून होते. खटखट सुरू झाली. पहिला खट्. दुसरा खट्. तिसऱ्या आवाजाला उजव्या पायाचा चवडा सावकाश पुढे गेला आणि टेबलाच्या टोकाच्या उशीवर ठाम दाबला गेला.

"अरे देवा," दादा म्हणाले, "हे तर गाडी थांबवतायत."

मशीन बंद करून दोघं आत गेले. "मास्तर, तुमचा पाय ब्रेकवर आहे."

"काहीतरीच काय! इथे ब्रेक कुठाय?" मास्तर म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघायचा प्रयत्न केला, पिंजऱ्यामुळे ते जमलं नाही, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "खरंच दाबत होतो?"

"काल पूर्ण वेळ."

"त्याला मी काय करणार? तो पाय माझ्या ताब्यात आहे का? तू चालवायला बसलीस की तो आपलं आपण बघतो."

दादांनी उशी काढून टाकली. पायाने टाच टेबलात रुतवली. दादा म्हणाले पट्ट्याने बांधू. मास्तर म्हणाले, "बांधा, पण बांधलेला ब्रेक मी जास्तच जोरात मारीन, आधीच सांगून ठेवतो." औषध देऊन झोपवायचं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांची वेळ मंगळवारची होती, आणि ऑपरेशन सोमवारी. काकू दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

धक्काराणी बाहेर गेली ती कॉरिडॉरमधल्या चहाच्या यंत्रापाशी. परत आली तेव्हा तिच्या हातात एक रिकामा कागदी कप होता. दादांनी तो तिच्याकडून काढून घेतला, उलटा केला, तळ दाबून बघितला, त्यात काही धातू नाही याची खात्री करून घेतली आणि मगच परत दिला.

पिंजऱ्याला वरच्या बाजूला एक छोटा तिरपा आरसा असतो. आडव्या पडलेल्या माणसाला आत कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून, त्यातून त्याला स्वतःचे पाय आणि पलीकडची खोली दिसते. धक्काराणीने तो आरसा नीट वळवला. मग मास्तरांच्या उजव्या पायातला मोजा सरळ केला, चवडा आकाशाकडे केला आणि बोटांच्या टोकांवर तो कप अलगद उभा ठेवला.

"आरशात बघा. दिसतंय?"

मास्तरांनी बघितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि ही गोष्ट खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आली.

"कप डुलला तर माफ," धक्काराणी म्हणाली.

"पडला तर धडा पहिल्यापासून," मास्तर म्हणाले. मग जरा घसा खाकरून, "पोरी, तुझी हिंमत मोठी. आपल्याच मास्तरांची परीक्षा घेतेस?"

"तुम्ही माझी तीनदा घेतलीत."

"आणि तीनदा तू नापास झालीस. मी होणार नाही. चला, घ्या आत."

मशीन सुरू झालं. खट्. कप डुलला. काचेमागे दादा, धक्काराणी आणि काकू तिघंही पडद्याकडे पाठ करून त्या कपाकडे बघत होते. पडद्यावर बघायला हवं होतं ते धक्काराणीला कळत होतं, पण नजर हलेना. खट्. कप डुलला आणि स्थिरावला. मग त्याचं डुलणं थांबलं. मशीनच्या त्या धक्क्यांमधून मास्तरांचा पाय असा पडून राहिला की जणू तो गाडीत नव्हताच, घरी खाटेवर होता. आरशात मास्तरांचे डोळे दिसत होते. त्या डोळ्यांनी ते कप धरून ठेवत होते.

"श्वास घ्या काकू," दादा म्हणाले.

"तुम्ही पण घ्या," काकू म्हणाल्या.

मशीन थांबलं. कप उभाच होता. रेघ यायला थोडा वेळ लागतो, आणि त्या वेळात धक्काराणीने खुर्ची ओढली, सोडली, परत ओढली. मग रेघ आली.

सरळ, स्वच्छ, एकेक शिखर आपल्या जागी. तिने बोलायच्या आधी सगळं तपासलं, तशी तिला सवयच होती. पाण्याचं शिखर अरुंद आहे का? आहे. ठोकळा सरकला का? नाही. सुटी मोजमापं एकमेकांशी जुळतात का? शेवटपर्यंत जुळतात. मग तिने उपचारांआधीची रेघ वर लावली. त्या रेघेत कोलीन सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसलं होतं. आजच्या रेघेत तिथे एक टेकडी होती. टेकडी कसली, उंचवटाच. आणि पलीकडे चरबीचा रुंद डोंगर. ठोकळा कवटीपासून दूर होता आणि जागचा हलला नव्हता, तेव्हा ही चरबी बाहेरून आलेली नव्हती. ती डागाच्या आतली होती. मोडक्या भिंतींची.

"काय दिसतंय?" काकूंनी विचारलं.

रिपोर्ट देणं तिचं काम नव्हतं. तिने फोन करून रेडिऑलॉजीच्या डॉक्टरांना खाली बोलावलं. ते आले, त्यांनी रेघ बघितली, चित्रं बघितली, परत रेघ बघितली आणि सर्जनबाईंना फोन लावला. तोपर्यंत धक्काराणी काकूंकडे बघायचं टाळत होती, कारण तिला आपल्या चेहऱ्याचा भरवसा नव्हता. काकूंनी तिची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला. बघितला. आणि पदर तोंडाला लावून मटकन दादांच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत दादा कुणालाही बसू देत नसत.

सर्जनबाई स्वतः खाली आल्या. "सोमवार रद्द," त्या म्हणाल्या. "औषधाने काम केलंय असं दिसतंय. मेलेलाच ट्यूमर सुजलाय. सूज उतरायचं औषध देते, काही आठवड्यांनी पुन्हा चित्र, पुन्हा हीच तपासणी. शंभर टक्के असं मी कधीच म्हणत नाही, पण आज रात्री नीट झोपा."

"आणि माझं बोलणं?" मास्तरांनी विचारलं.

"त्याला काही झालेलं नाही. ते आमच्यापैकी कुणाच्याच हातात नाही."

काही आठवड्यांनी मास्तर परत आले. या वेळी कप ते घरूनच घेऊन आले होते. त्यावर त्यांनी पेनाने गाडी काढली होती. दादांनी कप तपासला आणि नमस्कार करून आत नेला. डाग आक्रसला होता. कोलीन आणखी खाली गेलं होतं. सर्जनबाई चित्र बघून म्हणाल्या की माझी दुसरी भाचीही गाडी शिकायची म्हणतेय.

"फिट येऊन गेलेल्या माणसाला गाडी चालवायला बंदी आहे," त्यांनी बजावलं. "ब्रेकवर बसायलाही."

"मी मागे बसेन," मास्तर म्हणाले. "मागे बसून बोलायला बंदी आहे का?"

ती नव्हती. मास्तरांची गाडी शिकवायची शाळा आता काकू चालवत होत्या. गाडी त्यांना मास्तरांनीच शिकवली होती, फार पूर्वी, आणि त्या वेळी कप एकदाही पडला नव्हता, हे काकू आवर्जून सांगत. मास्तर ते कधी नाकबूल करत नसत, फक्त खिडकीतून बाहेर बघत.

पुढच्या रविवारी सकाळी एका रुंद, रिकाम्या रस्त्यावर शाळेची गाडी उभी होती. शेजारच्या सीटवर काकू, पाय ब्रेकपाशी. काचेखाली कप, तोच, पेनाने काढलेल्या गाडीचा. मागच्या सीटवर मास्तर, डोक्यावर केसांची नवी लव आलेली. आणि स्टिअरिंगवर धक्काराणी. मास्तरांनीच तिला घेरलं होतं. "मी तुझ्या परीक्षेत पास झालो. आता तू माझ्या परीक्षेत हो. फिटंफाट."

"हं, क्लच पूर्ण दाब," मास्तर मागून म्हणाले. "पहिला गिअर. आता आरसा बघ. आरशात कोण दिसतंय?"

"तुम्ही."

"मला नको बघूस, रस्ता बघ. आता क्लच हळू, अगं हळू, तुझं ते मशीन ठोकळा सरकू देत नाही ना, तसाच हा पाय. थांब, इथे थांब, इथे इंजिन तुझ्या पायाशी बोलतंय, ऐकू आलं का? त्याचं ऐक. त्याचं नाही ऐकलंस तर माझं तरी..."

तिने पाय सोडला. गाडी थरथरली. कप डुलला, काचेकडे झुकला, विचार केल्यासारखा थांबला आणि परत सरळ झाला. गाडी चालू लागली. झाडं मागे जाऊ लागली, एकामागून एक, संथपणे, जशी जायला हवीत तशी.

"पडला नाही!" धक्काराणी ओरडली.

"पडला नाही, पण म्हणून हात सोडून टाळ्या वाजवू नकोस! दुसरा गिअर! दुसरा! शाबास. आता ते वळण येतंय, वळणाचं एक शास्त्र असतं, वळण घ्यायच्या आधी ते मनात घ्यायचं. मी एकदा एका वकिलाला शिकवत होतो, तो माणूस प्रत्येक वळणाशी वाद घालायचा, मी त्याला म्हटलं, वकीलसाहेब, हे वळण तुमचं अपील ऐकणार नाही. तर तो मला काय म्हणाला..."

काकूंनी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकपासून लांब होता. मग त्यांनी बाजूला बघितलं. मास्तरांचा बूट काढलेला होता आणि उजवा पाय पुढच्या दोन सीटच्या मधोमध, मोज्यासकट, आरामात ताणलेला होता. काहीही न दाबणारा. वकिलाची गोष्ट रंगात आली होती. मास्तर हात नाचवत होते.

काकूंनी मान वळवली आणि कितीतरी महिन्यांनी, पूर्ण आवाजात, एकेक शब्द चाखत म्हणाल्या, "अहो, जरा गप्प बसाल का?"

मास्तरांचा हात हवेतच राहिला. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू हसत होत्या आणि त्यांना ते लपवताही येत नव्हतं.

मास्तर गप्प बसले.

वळणापर्यंत.